वृद्ध वडिलांना दरमहा पैसे देण्यास नकार देता येतो का?

घणसोलीहून आलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. विचारणाऱ्या बाई ४१ वर्षांच्या असून महापे येथे नोकरी करतात. पती, शाळेत जाणारा मुलगा आणि अजून बरीच वर्षे फेडायचे असलेले गृहकर्ज असा त्यांचा संसार आहे. वडील ६७ वर्षांचे आणि आई ६३ वर्षांची. दोघे कळव्यातील स्वतःच्या वन रूम किचनमध्ये धाकटा मुलगा, सून आणि नातवासह राहतात. वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद झाल्यावर हाती आलेला प्रॉव्हिडंट फंड त्यांनी मुलाच्या व्यवसायात आणि लग्नात घातला. आज त्यांच्याकडे ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे दरमहा २,३०० रुपये निवृत्तिवेतन आणि ४ लाखांची मुदत ठेव एवढेच आहे. त्यांनी मुलीकडे दरमहा २०,००० रुपये मागितले आहेत, शिवाय भावाच्या नव्या कर्जाला जामीन राहण्याचा आग्रह धरला आहे. बाईंचा प्रश्न असा, की मी नाही म्हटले तर कायदा मला भाग पाडू शकतो का, आणि पाडत नसेल तर नाही म्हणणे योग्य आहे का.

मी ठाण्यात वकिली करतो आणि वृद्ध आईवडिलांच्या चरितार्थाची प्रकरणे दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. तुमच्या प्रश्नात दोन नकार एकत्र आले आहेत आणि ते प्रथम वेगळे करायला हवेत. आईवडिलांना स्वतःच्या बळावर जगता येत नसताना त्यांच्या चरितार्थाची जबाबदारीच झटकणे हा एक नकार. तो कायदा तुम्हाला देऊ देणार नाही. वडिलांनी सांगितलेला आकडा, सांगितलेली पद्धत आणि सांगितलेले कारण अमान्य करणे हा दुसरा नकार; तो तुम्ही आजच, आणि माझ्या मते नि:संकोचपणे, देऊ शकता.

आधी पहिल्याविषयी. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० नुसार वृद्ध किंवा विकलांग आईवडिलांचे पालनपोषण करण्याचे बंधन मुलावर आहे तसेच मुलीवरही आहे. मात्र आईवडील स्वतःच्या कमाईतून अथवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसतील तेवढ्यापुरतेच. हेच तत्त्व धर्माचा प्रश्न न येता सर्वांना लागू होणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होते. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची, तिच्यावर ही जबाबदारी येत नाही, असे आपल्याकडे अजूनही ठामपणे सांगितले जाते आणि तुमच्या पत्रातही तसा सूर आहे. हा मुद्दा १९८७ सालीच निकालात निघाला आहे आणि तोही आपल्याच जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात. कल्याणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी निर्वाहभत्त्याचा अर्ज केला होता. वडिलांनी दुसरे लग्न केलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलगीही जबाबदार आहे असा निर्णय दिला, परंतु त्याच निकालात एक मर्यादाही घातली: मुलीकडे पतीच्या उत्पन्नाचा विचार न करता स्वतःचे पुरेसे साधन आहे याची न्यायालयाने खात्री करून घेतली पाहिजे. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की तुमचा पगार विचारात घेतला जाईल, तुमच्या पतीचा नाही. जावई आणि सून यांनाही जबाबदार धरण्याची तरतूद असलेले, ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झालेला नाही.

तिसरा आणि व्यवहारात सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. त्याखाली अर्ज न्यायालयात न करता उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, ज्याचे पीठासीन अधिकारी असतात त्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. अर्ज आईवडील राहतात त्या जिल्ह्यात करता येतो, तसा मुले राहतात त्या जिल्ह्यातही करता येतो. नवी मुंबईकरांनी लक्षात ठेवावे, की ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, मात्र खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात येतात. चुकीच्या कार्यालयात महिनाभर हेलपाटे घातलेले लोक मी पाहिले आहेत. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय द्यावा आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवस घ्यावेत, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ याहून अधिक लागू शकतो, पण दरम्यान अंतरिम रक्कम मंजूर होऊ शकते. या कायद्याखाली निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. ती वाचून निर्धास्त होऊ नका, कारण आई आणि वडील दोघेही स्वतंत्र अर्ज करू शकतात आणि कलम १४४ च्या मार्गाला अशी मर्यादाच नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी मात्र वापरता येत नाहीत. अर्जदाराला त्यातला एक निवडावा लागतो.

आता या साऱ्याचा कणा असलेली अट पाहू: स्वतःच्या कमाईतून आणि मालमत्तेतून निर्वाह होत नाही, हे दिसले पाहिजे. कळव्यातील वन रूम किचन वडिलांच्या मालकीचे आहे, तेव्हा ते विकून त्यांनी जगावे, असे म्हणता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. राहते एकमेव घर विकायला लावून निर्वाहभत्ता नाकारला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. निराळी परिस्थिती असती तर उत्तर निराळे असते. नवी मुंबईतील मूळ गावांमध्ये अशी कुटुंबे आहेत, जिथे सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर विकासकाकडून मिळालेल्या सदनिकांचे भाडे वडिलांच्या खात्यात येते आणि तरीही एका मुलाकडे दरमहा पैशांची मागणी होते. तिथे मी मुलाला सरळ नकार द्यायला सांगतो. तुमच्या वडिलांचे २,३०० रुपये आणि ४ लाखांची ठेव हे त्या वर्गात बसत नाही. अर्ज झाला तर तो फेटाळला जाण्याची शक्यता कमी आहे आणि हे मी तुम्हाला स्पष्ट सांगणे माझे काम आहे.

तरीही २०,००० हा आकडा टिकणारा नाही. तो कशासाठी आहे, हे वडिलांनी सांगितलेले नाही. तुमच्या पत्रातील तपशिलावरून ते भावाच्या संपूर्ण कुटुंबाचे घरखर्चाचे पैसे आहेत, असे दिसते. कायदा तुमच्यावर आईवडिलांचे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी टाकतो, कमावत्या वयाच्या भावाची, वहिनीची आणि पुतण्याची नाही. म्हणून प्रथम फक्त दोघांचा खर्च कागदावर मांडा. उदाहरण म्हणून धरू या, की किराणा, दूध, भाजी यांचे ८,०००, वीज, गॅस आणि मोबाइलचे २,०००, सोसायटीचे देखभाल शुल्क २,००० आणि औषधांचे ४,०००, असे एकूण १६,००० रुपये होतात. आता दुसरी बाजू. ४ लाखांपैकी १ लाख हातात ठेवून ३ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीस ६,१५० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे २,०५० रुपये मिळतील. निवृत्तिवेतन मिळवून ही रक्कम ४,३५० होते. तूट राहते ११,६५० रुपयांची. मुले दोन आहेत. बरोबरीने वाटले तर तुमच्या वाट्याला ६,००० रुपयांच्या आत येतात. भाऊ आईवडिलांच्या घरात बिनभाड्याने राहतो, हेही हिशेबात घेतले तर त्याचा वाटा तुमच्यापेक्षा जास्त असायला हवा, कमी नव्हे. हे आकडे माझे अंदाज आहेत. आईच्या औषधांच्या पावत्या आणि सोसायटीचे बिल पाहून तुम्ही ते दुरुस्त करा. पण पद्धत हीच ठेवा, कारण न्यायाधिकरणातही शेवटी याच पद्धतीचा हिशेब मांडावा लागतो.

भाऊ काहीच देणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ही परिस्थिती इतकी सर्रास आढळते, की २००७ च्या कायद्यात त्यासाठी वेगळी सोय आहे: अर्ज एकाच अपत्याविरुद्ध केला असला, तरी ते अपत्य जबाबदार असलेल्या दुसऱ्या व्यक्तीस त्याच अर्जात सामील करून घेण्याची मागणी करू शकते. वडिलांनी लाडक्या मुलाला वगळून फक्त तुमच्याविरुद्ध अर्ज केला, तर पहिल्याच तारखेला ही मागणी लेखी द्या. सुनावणीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूद आहे आणि अशा वादांत खरा तोडगा बहुधा तिथेच निघतो. वकिलांना या न्यायाधिकरणापुढे उभे राहण्यास कलम १७ ने मनाई केली आहे. या मनाईवरून उच्च न्यायालयांत वाद झाले आहेत. ते काहीही असो, स्वतःच्या संसाराचा हिशेब मांडायला वकील लागू नये, असे वकील असूनही माझे मत आहे.

तुमच्या पत्राचा मोठा भाग जुन्या गोष्टींनी व्यापलेला आहे: बारावीनंतर तुम्हाला पुढे शिकू दिले नाही, तुम्ही नोकरी करून रात्रीच्या महाविद्यालयात पदवी घेतली, लग्नाचा खर्च स्वतःच उचलला आणि वडिलांची आयुष्यभराची पुंजी भावाकडे गेली. या तक्रारीत तथ्य आहे, असे मला वाटते. पण आईवडिलांनी पूर्वी कसे वागवले यावरून निर्वाहाचा हक्क जातो, असा अपवाद कायद्यात लिहिलेला नाही, आणि म्हणून तुमच्या लेखी उत्तरात हा भाग घालून काही साधणार नाही. समेट अधिकाऱ्यापुढे तो एकदा बोलून दाखवा. तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो. त्याचप्रमाणे वडिलांनी वर्तमानपत्रात ‘माझ्या मुलीशी माझा संबंध राहिलेला नाही’ अशी जाहीर नोटीस दिली, किंवा तुम्ही त्यांच्या घरावरचे हक्कसोडपत्र करून दिले, तरी निर्वाहाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. उलटही तितकेच खरे आहे: कायदा पैसे मागतो, जवळीक मागत नाही. ज्यांना वडिलांच्या मारहाणीमुळे किंवा व्यसनामुळे घर सोडावे लागले अशा काही अशिलांना मी हेच सांगितले आहे, की दरमहा ठरलेली रक्कम बँकेतून पाठवा, भेट, फोन, सणवार यांतले काहीही तुमच्यावर बंधनकारक नाही. २००७ च्या कायद्याच्या कलम २४ मधील तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा ज्येष्ठाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्याने त्याला कायमचे टाकून देण्याबद्दल आहे. मागितलेली रक्कम अमान्य केल्याबद्दल नाही. निर्वाहभत्त्याचा आदेश झाल्यानंतर तो विनाकारण न पाळणे ही वेगळी गोष्ट. तिथे वॉरंट आणि एका महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते.

जामिनाबद्दल मात्र माझे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. जामीनदार राहिल्यावर बँक थकबाकीसाठी थेट तुमच्याकडे येऊ शकते, तुमचा क्रेडिट स्कोअर बिघडतो आणि त्याचा फटका तुमच्या स्वतःच्या गृहकर्जाला बसतो. स्वतःच्या घरावर टॉप-अप कर्ज काढून भावाला देणे हाही याच जातीचा प्रस्ताव आहे. या दोन्ही गोष्टींचा आईवडिलांच्या चरितार्थाशी काही संबंध नाही, आणि ‘वडिलांचा शब्द मोडला’ हा आरोप ऐकून घेण्याची तयारी तुम्हाला ठेवावी लागेल.

जे द्यायचे ते कसे द्यायचे, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. रोख पैसे वडिलांच्या हातात दिले, तर ते कुठे जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून औषधांच्या दुकानाचे महिन्याचे बिल, सोसायटीचे शुल्क आणि वीजबिल तुम्ही परस्पर भरा आणि उरलेली लहान रक्कम आईच्या स्वतंत्र खात्यात, दरमहा त्याच तारखेला, बँकेतून पाठवा. भाऊ त्या घरात असल्याने विजेच्या आणि सोसायटीच्या बिलात त्याचाही फायदा होईल. तेवढे सोसावे, त्यावरून भांडू नये. उद्या अर्ज झालाच, तर तुम्ही दुर्लक्ष केले किंवा नकार दिला असे म्हणणे या नोंदींपुढे कठीण जाईल. वडिलांना काय देणार आणि काय देणार नाही, हे एकदा लेखी कळवा. पत्र लांब नको. ‘तुमच्या आणि आईच्या औषधांचा, सोसायटीचा आणि विजेचा खर्च मी दरमहा थेट भरीन. आईच्या खात्यात अमुक रक्कम पाठवीन. कर्जाला जामीन राहणार नाही. बाकीचा खर्च भावाने उचलावा,’ एवढे पुरे. त्यात जुना इतिहास नको आणि ‘तुम्ही नेहमी’ने सुरू होणारे एकही वाक्य नको. घरातला मान ठेवायचा म्हणून हे प्रत्यक्ष भेटून सांगायचे असेल तर जरूर सांगा, पण दुसऱ्या दिवशी तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवा.

दरमहाच्या पैशांपेक्षा मला जास्त चिंता आजारपणाची वाटते, कारण सहा हजारांवर झालेली सगळी वाटाघाट एका बायपासने कोलमडते. केंद्राच्या आयुष्मान वय वंदना कार्डाखाली ७० वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. वडिलांना त्यासाठी तीन वर्षे आहेत आणि आईला सात. तोपर्यंत महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिची व्याप्ती वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांना, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट न ठेवता, प्रतिवर्षी ५ लाखांपर्यंत खुली केलेली आहे. मात्र ती ठरावीक उपचारांना आणि अंगीकृत रुग्णालयांतच चालते, त्यामुळे शिधापत्रिका आणि आधारवरील नावे जुळतात की नाही हे आजच तपासून घ्या. रोजच्या तपासण्यांसाठी कळव्यातच महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. परवडत असेल तर आईसाठी खासगी आरोग्य विमा घेण्याचा विचार करा. वयाची ६५ वर्षांची अट एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने काढून टाकली आहे आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, म्हणजे पॉलिसी जितकी लवकर घ्याल तितकी ती कामाला येण्याची शक्यता जास्त. जुन्या करपद्धतीत असाल, तर ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावटही मिळते. माझ्या मते तुमच्या खिशातून जाणाऱ्या पहिल्या रुपयाचा सर्वांत चांगला उपयोग हा हप्ता आहे.

सरकारी निवृत्तिवेतनाकडून फार आशा ठेवू नका. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीला दरमहा १,५०० रुपये मिळतात, परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि वडिलांचे निवृत्तिवेतनच वर्षाला २७,६०० होते. रिव्हर्स मॉर्गेजचा पर्याय कागदावर आहे: ६० वर्षांवरील मालकाला राहत्या घरावर बँक हप्त्याने पैसे देते आणि हयातीत परतफेड मागत नाही. घराचे कागद निर्वेध असतील तर एकदा बँकेत विचारून पाहायला हरकत नाही. पण घर मुलालाच जायला हवे असे वडिलांच्या मनात पक्के असेल, तर ते याला तयार होणार नाहीत, आणि मग त्यांना हे सांगणे भाग आहे, की जे घर भावाला मिळणार आहे त्या घरातल्या म्हाताऱ्यांचा मुख्य खर्चही भावानेच उचलला पाहिजे.

याच ठिकाणी तुम्ही सर्वांत जास्त सावध राहायला हवे. वडिलांनी घर आत्ताच बक्षीसपत्राने भावाच्या नावे केले, तर पुढे त्याने सांभाळले नाही म्हणून २००७ च्याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते. मात्र सांभाळ करण्याच्या अटीवर हस्तांतर झाले होते, हे दाखवावे लागते आणि ती अट कुठेच लिहिलेली नसेल तर अडचण येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मधील निकालात या कलमाचा ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आहे, पण तिथेही सांभाळाचे लेखी वचन उपलब्ध होते. तेव्हा वडिलांना पैशांबद्दल लिहाल त्याच वेळी हेही सुचवा, की बक्षीसपत्र करू नका, मृत्युपत्र करा, आणि त्यात आईला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहा. आई वडिलांपेक्षा चार वर्षांनी लहान आहे. ती मागे राहिली तर ईपीएस-९५ मधून तिला वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग, म्हणजे जेमतेम १,१५० रुपये मिळतील, आणि त्या वेळी घर तिच्या ताब्यात आहे की नाही यावरच तुम्हाला दरमहा किती द्यावे लागेल हे ठरेल. बचत योजनेचे खाते उघडताना ते आईच्या नावे किंवा दोघांच्या संयुक्त नावे उघडा, सोसायटीतील नामनिर्देशनाचा अर्ज कोणाच्या नावाचा आहे ते सचिवांकडे विचारून घ्या, आणि हे दोन कागद पाहिल्याशिवाय वडिलांना कोणताही आकडा कळवू नका.